शिकायला सांगता, तर ड्युटीतले तासही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली दोन-तीन वर्षं आपल्या पेपरात आणि बाकी सगळीकडेच एक सल्ला सारखा वाचायला मिळतोय, की काम बदलतंय, एआय येतंय, विजेवरच्या गाड्या म्हणजे ईव्ही येतायत, रोबोट येतायत, तेव्हा नवीन स्किल शिका, नाहीतर मागे पडाल. सल्ला चुकीचा नाहीये. पण तो लिहिताना बहुतेकांच्या डोळ्यासमोर लॅपटॉपवर काम करणारा माणूस असतो, असं वाटतं. भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड इथे मशीनवर उभं राहून आठ तास काढणारा जो लाखोंचा वर्ग आहे, त्यातही जो चाळिशीच्या पुढे गेलाय, त्याने नेमकं कधी शिकायचं, कुठं शिकायचं, याबद्दल कुणी बोलत नाही. मी आयटीआय फिटर आहे, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढलीत, त्यामुळे हे रोज बघतो, आणि माझं म्हणणं सरळ आहे. शिकण्याचा वेळ ड्युटीत धरा, पगारासकट, आणि तो चाळिशीच्या पुढच्यांना आधी द्या.

आधी वेळेचंच सांगतो कारण सगळं तिथं अडतं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तीन शिफ्ट आहेत आणि आठवड्याला बदलतात. फर्स्टवाला पहाटे पाचच्या आत उठून बस पकडतो, दुपारी सुटतो, आणि चाकणची बस असेल तर तळेगाव चौक नाहीतर आंबेठाण चौकात जे अडकायचं ते अडकून घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. पुढच्या आठवड्यात सेकंड, म्हणजे घरी यायला रात्रीचे बारा-एक. त्याच्या पुढच्या आठवड्यात नाइट, तेव्हा दिवसाची झोप मोडून कुठं गेला तर गेला. आता क्लास कुठलाही घ्या, तो असतो संध्याकाळी सहा ते आठ, सोमवार ते शुक्रवार. तीन आठवड्यांतला धड एकच आठवडा हा माणूस तिथं जाऊ शकतो, दुसऱ्या आठवड्यात मागे पडतो, तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो, आणि भरलेली फी जाते ती वेगळीच. मग कंपनीत ऐकायला मिळतं की जुन्या लोकांना शिकायची इच्छाच नाही. इच्छा भरपूर असते हो, शिफ्ट त्याला क्लासपर्यंत पोचू देत नाही.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घ्यायला आणि तीन महिन्यांचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती पाहिजे, ओटीला दुप्पट पैसे पाहिजेत, हे सगळं त्यात आहे, मान्य. पण घराचा हप्ता आणि पोरांची फी डोक्यावर असलेला माणूस ओटीला नाही म्हणत नाही, आणि लाइनवर सगळे थांबलेले असताना एकट्याने निघून जाणं जमतही नाही. दिवस लांबवायचा आणि वर उरलेल्या वेळात शिका म्हणायचं, हे एकत्र चालणार नाही.

दुसरी गोष्ट, हे शिकणं मशीनपाशीच व्हावं लागतं. साध्या लेथवर वीस-पंचवीस वर्षं काढलेला टर्नर बघा. कापून निघणाऱ्या चिपचा रंग बघून त्याला कळतं की टूल गेलंय, आवाजावरून कळतं की स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये काहीतरी आहे. त्याला एकदम सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, उभं केलं की तो घाबरतो, आणि घाबरतो ते बरोबरच आहे, कारण बऱ्याच कंट्रोलवर एक्सच्या पुढे नुसतं १० टाकलं आणि पॉइंट द्यायचा राहिला तर मशीन ते १० मिलिमीटर न धरता १० मायक्रॉन धरतं. ऑफसेटमध्ये एक आकडा चुकला, किंवा जी ५४ मध्ये, म्हणजे जॉबचा झीरो कुठे ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, आधीच्या जॉबचा झीरो तसाच राहिला, तर टूल धरणारा टरेट सरळ जाऊन जॉब धरणाऱ्या चकवर आदळतो, मशीन उभं राहतं, खर्च वेगळा आणि माणसाची बोलणी वेगळी. हे मोबाईलवर व्हिडिओ बघून येत नाही. शेजारी जाणता सेटर, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देणारा, उभा पाहिजे, सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवून दाखवणारा, टूलचा वेग कमी-जास्त करणाऱ्या फीड ओव्हरराइडवर हात कसा ठेवायचा ते सांगणारा, आणि तेवढा वेळ ते मशीन प्रॉडक्शनच्या बाहेर पाहिजे. प्रॉडक्शन चालू असताना कुठला सेटर शिकवणार, त्याच्याही डोक्यावर टार्गेट असतं.

पण एकदा ते डोक्यात बसलं की हाच जुना माणूस पुढे जातो. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मालकाने शनिवारी दुपारनंतर एक सीएनसी रिकामं ठेवायला सुरुवात केली, पगार चालू ठेवून. तिथले पन्नाशीला आलेले एक काका, जन्मभर साधा लेथ चालवलेला, काही महिन्यांत स्वतः सेटिंग करायला लागले आणि त्यांच्या मशीनचं रिजेक्शन कमी झालं. कारण कुठल्या मटेरियलला किती कट घ्यायचा, कुठे कुलंट वाढवायचं, पातळ जॉब चकमध्ये किती आवळला की वाकतो, हे त्यांना आधीपासूनच येत होतं, मशीनशी बोलायचं कसं तेवढं शिकायचं बाकी होतं. त्यांच्या शेजारी जो आयटीआय झालेला पोरगा होता त्याला प्रोग्राम फाडफाड यायचा पण कट कळायचा नाही, तो काकांकडून शिकला. मालकाला ह्यात तोटा झाला असं मला तरी दिसलं नाही, उलट अनुभवी माणूस टिकला आणि नवीन माणूसही तयार झाला.

ईव्हीचं तर अजून वेगळं आहे. इंजिन गेलं की पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, फ्युएल पंप, सायलेन्सर ह्या पार्ट्सची कामं कमी होणार, आणि आपल्या पट्ट्यातली कितीतरी छोटी वर्कशॉप्स नेमकी ह्याच पार्ट्सवर जगतात. पण सगळं बुडणार असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, लाइट, शीटमेटल हे राहणारच आहे, आणि मोटर, बॅटरी पॅक, कंट्रोलर, वायरिंगचा हार्नेस हे नव्याने आलंय. आकुर्डीचंच घ्या, १९७२ मध्ये आलेल्या बजाजच्या चेतक स्कूटरने ते नाव देशभर नेलं, ती स्कूटर पुढे बंद झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची इलेक्ट्रिक स्कूटर आली, २०२२ मध्ये आकुर्डीतच ईव्हीचा प्लँट सुरू झाला. गाव तेच, पण हाताला लागणारं कसब बदललं. १ एप्रिल २०२० ला गाडीच्या धुराचा नियम बीएस-४ वरून एकदम बीएस-६ वर गेला तेव्हाही गॅरेजवाल्यांपासून लाइनवाल्यांपर्यंत सगळ्यांना सेन्सर आणि स्कॅनर शिकावा लागला, आणि लोक शिकले.

मात्र ईव्हीत एक धोका आहे ज्यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. इलेक्ट्रिक कारच्या पॅकमध्ये ३००-४०० व्होल्ट डीसी असतो, काही गाड्यांत त्याहून जास्त, आणि मेन स्विच बंद केला म्हणून पॅकमधला करंट कुठे जात नाही. पॅकची लाइन तोडणारा सर्व्हिस डिस्कनेक्ट काढायचा, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला ठरलेली मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची, मग हात घालायचा, तोही इन्सुलेटेड ग्लोव्हज घालून आणि ग्लोव्हजला कुठे भोक नाही ना ते आधी बघून. बारा व्होल्टच्या बॅटरीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाताला बिनधास्त काम करायची सवय असते. ती सवय मोडायला रात्री थकून भागून बघितलेला व्हिडिओ पुरणार नाही, इथे जीवाचा प्रश्न आहे. त्यासाठी ट्रेनर पाहिजे, डमी पॅक पाहिजे आणि ताजं डोकं पाहिजे, म्हणजे परत ड्युटीतला वेळच आला.

आता कायद्याचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांसाठी री-स्किलिंग फंड आहे. कामगाराला कपात म्हणून काढलं तर मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशोबाने १५ दिवसांची रक्कम त्या फंडात भरायची, आणि ती ४५ दिवसांच्या आत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. ही गोष्ट चांगलीच आहे, पूर्वी एवढंही नव्हतं. पण बघा, पैसे कधी मिळणार, तर नोकरी गेल्यावर. आणि १५ दिवसांच्या पगारात नोकरी गेलेला माणूस आधी किराणा भरेल, भाडं देईल, क्लास लावणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. जो पैसा माणूस बाहेर पडल्यावर खर्च करायचा, त्याच्या अर्ध्यात तो आत असतानाच त्याला नवीन मशीनवर तयार करता आलं असतं. मला ह्या फंडाबद्दल हीच खंत आहे, की तो उशिरा येतो.

तरुणांसाठी वाटा आहेत, त्या असायलाच पाहिजेत. अ‍ॅप्रेंटिसच्या नियमाने ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावे लागतात. राज्याने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात आयटीआय-डिप्लोमावाल्याला महिना ८ हजार, पण वय १८ ते ३५. छत्तिसाव्या वर्षी काय होतं माणसाचं? खरं तर तिथून पुढेच त्याला जास्त गरज असते, कारण त्याला अजून वीस-बावीस वर्षं काम करायचंय आणि त्याने शिकलेलं मशीन स्क्रॅपमध्ये गेलंय. सिंगापूरने हे ओळखलं. २०१५ मध्ये त्यांनी २५ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाला शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलरचं क्रेडिट जाहीर केलं आणि २०२४ मध्ये चाळिशीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे ४ हजार डॉलर घातले, मुद्दाम चाळिशीच्या पुढच्यांसाठी. जर्मनीत बहुतेक राज्यांत कामगाराला वर्षाला ५ दिवस पगारी शिक्षण-रजा मिळते, तसा कायदाच आहे. आपल्या चाकणमध्ये मोठमोठ्या जर्मन कंपन्यांचे प्लँट आहेत, म्हणजे ही रजा काय असते ते माहीत असलेले साहेब लोक इथंच बसतात. लगेच ५ दिवस द्या असं मी म्हणत नाही, महिन्याला चार तास द्या, मशीन रिकामं ठेवून, एवढं तर जमेल.

आणि हे करायला नवीन काही उभारावं लागत नाही. गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कुठल्याही चांगल्या कंपनीत बोर्डावर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं, प्रत्येकाच्या नावापुढे गोल आणि त्या गोलाचे चार भाग, जेवढं येतं तेवढे भाग काळे केलेले. आयएटीएफ १६९४९ च्या, म्हणजे गाडीच्या पार्ट्सच्या क्वालिटीच्या, ऑडिटला ते लागतंच. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी ते ऑडिटच्या आधी भरलं जातं आणि ज्याचं नाव आहे त्याला कुणी विचारलेलंही नसतं. तोच बोर्ड खरा वापरा ना. दर तीन महिन्यांनी माणसाला समोर बसवा, तुझे दोन भाग भरलेत, तिसरा भरायला हे हे यायला पाहिजे, त्यासाठी अमुक दिवशी अमुक सेटरकडे तुझे चार तास, आणि तिसरा भाग भरला की ग्रेडमध्ये इतके रुपये, असं लिहून द्या. पगाराशी जोडल्याशिवाय त्या गोलाला काही अर्थ येत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. माणूस शिकतो आणि त्याचं काम तेवढं वाढतं, पगार तिथंच, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो हात वर करत नाही.

कंत्राटी कामगारांचं लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही कारण आज शॉपफ्लोअरवर तीच पोरं जास्त आहेत. ठेकेदार बदलला की तोच मुलगा त्याच मशीनवर नवा भरती होतो, मागचा अनुभव कागदावर शून्य. हार्नेसच्या लाइनवर तर कितीतरी बायका वर्षानुवर्षं कनेक्टर आणि क्रिंपिंगचं बारीक काम करतायत, एकही सर्टिफिकेट नाही. नव्या संहितांमध्ये प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यायचं आहे आणि ठराविक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ह्या लोकांना कुणीतरी सांगायला पाहिजे. तसंच आयटीआय नसलेल्या पण काम येणाऱ्या माणसासाठी आरपीएल म्हणून सोय आहे, परीक्षा घेऊन आधीपासून येत असलेल्या कामाचं सर्टिफिकेट देतात. माझी ह्या सगळ्या भावाबहिणींना विनंती आहे की नोकरी बदलताना अनुभवाचं पत्र मागून घ्या, आणि पीएफ काढून टाकू नका, जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, नवीन कंपनीत द्या आणि पीएफ ट्रान्सफर करून घ्या. पेन्शनला १० वर्षांची सर्व्हिस लागते, मध्ये पेन्शनचेही पैसे काढून घेतले की मागची वर्षं हिशोबातून जातात.

आपण कामगारांनीही काही गोष्टी स्वतःहून करायला पाहिजेत, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मशीन अलार्म देऊन थांबलं की रिसेट मारून पुढे जायच्या आधी तो नंबर आणि काय केल्याने सुटलं ते वहीत लिहा. मेंटेनन्सवाला पॅनेल उघडतो तेव्हा चहाला न जाता शेजारी उभे राहा, कुठला प्रॉक्सी सेन्सर कुठल्या इनपुटला येतो, मशीन चालवणाऱ्या पीएलसीवर कुठला लाइट पेटायला पाहिजे ते विचारा. मल्टिमीटर धरायला शिका. इंग्रजी मॅन्युअल आता फोनचा कॅमेरा धरला की बऱ्यापैकी मराठीत वाचता येतं, सगळं बरोबर येत नाही पण अंदाज येतो, आणि तिथे एआय खरंच उपयोगाला येतं. आणि चोवीस वर्षांच्या पोराला विचारायला लाज वाटून घेऊ नका, आणि पोरांनो, तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसाने विचारलं तर चारचौघांत हसू नका, बाजूला घेऊन नीट दाखवा. कंपन्यांत वन पॉइंट लेसन असतात, एका पानावर एक गोष्ट, ते मराठीत आणि आपल्या हाताने लिहिलेले असले तर सगळे वाचतात, हे आमच्याकडे दिसलंय.

युनियनच्या पदाधिकाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय. वेतनकरार तीन-चार वर्षांनी होतो, त्यात किती हजार वाढले आणि प्रॉडक्शन किती टक्के वाढवून दिलं यावरच सगळं घासाघीस होऊन संपतं. पुढच्या करारात एक कलम घाला, की प्रत्येक कामगाराला वर्षाला इतके तास ट्रेनिंग, ड्युटीत, पगारी, आणि नवीन मशीन आलं तर बाहेरून माणूस घ्यायच्या आधी त्या लाइनवरच्या जुन्या माणसाला शिकायची पहिली संधी. पगारवाढीएवढीच ही मागणी मोठी आहे, कारण मशीन बदललं आणि माणसाला ते येत नसलं की पुढच्या कराराला तो माणूसच उरत नाही.

शासनाकडे एक मागणी आहे आणि तिला फार खर्चही नाही. महाराष्ट्रात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत. एमआयडीसीच्या जवळचे जे आहेत, आपलं औंध असेल किंवा बाकीची असतील, तिथली वर्कशॉप्स रविवारी बंद असतात. औद्योगिक भागातल्या निवडक आयटीआयमध्ये रविवारी आणि आपल्याकडे जो गुरुवारचा वीकली ऑफ असतो त्या दिवशी नोकरदार कामगारांसाठी बॅच चालू करा, आणि एकच धडा आठवड्यात तीन वेगवेगळ्या वेळी घ्या, म्हणजे शिफ्ट कुठलीही असो, माणसाचा धडा बुडणार नाही. तंत्रशिक्षणाचं बघणाऱ्या एआयसीटीईने नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिप्लोमा-डिग्रीचे वर्ग घ्यायला परवानगी दिलीच आहे, मग आयटीआयच्या शॉर्ट कोर्सला हे जमायला काय हरकत आहे?

संपादक साहेब, शेवटची विनंती तुम्हाला. नोकरीच्या जाहिरातींचं पान तुम्ही देता, त्याच पानावर आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्या. जवळच्या आयटीआयमध्ये, टूल रूममध्ये कुठला कोर्स कधी सुरू होतोय, फी किती, वयाची अट आहे का, बॅच कुठल्या वेळेला, एवढंच. आमच्याकडे कँटीनमध्ये पेपर येतो आणि तीनही शिफ्टचे लोक तो वाचतात, तिथून ही माहिती ज्याला पाहिजे त्याच्यापर्यंत नक्की पोचेल.

आपला,
एक आयटीआय फिटर,
भोसरी, पुणे